सोन्याचं पोट

माणसाचं दुखणं आपल्याला रंगावरून कळतं. "पांढराफटक पडलास की रे", "डोळे पिवळे दिसतायत", "किती काळवंडलीस गं!" असं आपण सहज बोलून जातो. कुत्र्याचं तसं नाही. अंगभर केस! म्हणून त्याची कातडी बघायच्या जागा ठरलेल्या: पोट, काखा, कानाची आतली बाजू आणि हिरड्या.

आमचा सोन्या गावठी, बदामी रंगाचा, वय वर्षं नऊ. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. पिल्लू होता तेव्हा त्याच्या गुलाबी पोटावर काळे ठिपके उमटू लागले. शेजारच्या वहिनी घाबरल्या, पण ते निसर्गाचंच काम. पुष्कळ पिल्लांना वाढत्या वयात असे ठिपके येतात. खाज नाही, केस गळणं नाही, मग काळजी नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मात्र काखा आणि जांघा काळ्या पडल्या. कातडी जाड झाली, अगदी हत्तीसारखी. आंबूस वास येई आणि हा सारखा चाटत बसे. डॉक्टर म्हणाले, "आजी, काळेपणा हा आजार नव्हे, जुन्या खाजेची खूण आहे." कातडीचा दाह फार दिवस चालला की तिथे रंगद्रव्य जास्त तयार होतं. त्यात दमट हवेत यीस्टची बुरशी माजते. औषधी शॅम्पू लावून दहा मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. वास तीन आठवड्यांत गेला, काळेपणा जायला काही महिने लागले. मूळ कारण बरं झालं तरी रंग मागाहून सावकाश उतरतो, हे धीर धरण्यासाठी ठाऊक असावं.

खाज नसताना दोन्ही कुशींचे केस सारखेच विरळ झाले आणि खालची कातडी काळवंडली, तर थायरॉइड तपासतात, हेही तेव्हाच कळलं.

खरी कसोटी गेल्या पावसाळ्यात लागली. सोन्याने भाकरी हुंगून सोडली. त्याला उताणा केला तर पोटावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल-जांभळे ठिपके. बोटाने दाबले तरी नाहीसे होईनात. हिरड्याही फिक्या. तशीच रिक्षा केली. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स फार कमी. गोचीडताप! अठ्ठावीस दिवस गोळ्या. पहिले चार दिवस तो नुसता पडून असे. मी रात्री उठून त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायची. पाचव्या दिवशी त्याने ताकभात चाटला आणि मीही पोटभर जेवले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी, उजेडात, त्याची तपासणी असते. हिरडी बोटाने दाबून सोडायची, दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. हिरड्या मुळात काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आत बघायचं. फिकेपणा, पिवळेपणा किंवा असे ठिपके दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणि एक. खरजेवर जळकं ऑइल चोपडायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ते कुणी सांगितलं तरी लावू नका. कुत्रं अंग चाटतं, ते विष पोटात जातं. बिचाऱ्याला बोलता येत नाही, आपल्याला बघता तर येतं ना!