उत्तर समुद्राकाठची वाळू

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर ॲबर्डीन नावाचे करड्या ग्रॅनाइट दगडाचे नगर आहे. त्या नगराच्या उत्तरेस डॉन नदीच्या मुखापासून आयथन नदीच्या मुखापर्यंत वाळूचा एक लांबलचक पट्टा पसरला आहे, आणि त्याच्या मागे वाळूच्या टेकड्यांची रांगच्या रांग उभी आहे. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात तेथील एका धर्मग्रामाचे प्रमुख रजेवर गेले असता त्यांच्या जागी तीन आठवडे काम पाहण्याचा योग आम्हांस आला. मिस्सा सकाळीच आटोपत असे. आजारी माणसांच्या भेटी दुपारपर्यंत होत. आणि त्या अक्षांशावर उन्हाळ्याची संध्याकाळ इतकी लांब असते की, रात्रीचे जेवण झाल्यावरही दोन तास उजेडात फिरता येते. असे फिरता फिरता या वाळूशी आमची ओळख झाली, आणि त्या ओळखीने आम्हांस आमच्याच एका जुन्या अपराधाची आठवण करून दिली.

प्रथम आम्ही आयथनच्या उत्तरेस फॉर्व्ही येथे गेलो. हा सारा प्रदेश निसर्गासाठी राखून ठेवलेला आहे. न्यूबर्ग गावाजवळ नदीच्या मुखाशी सील नावाचे जलचर शेकड्यांनी वाळूवर लोळत पडलेले दिसतात. अलीकडे माळावर त्या दिवसांत जांभळ्या हेदरला बहर आलेला असतो. त्या माळातून चालत गेल्यावर एका चर्चचे अवशेष लागतात. गुडघ्याएवढ्या दगडी भिंती आणि सभोवार गवत, एवढेच आता उरले आहे. मध्ययुगात येथे नांदते गाव होते. १४१३ साली मोठे वादळ झाले आणि वाळूने ते गाव गिळले, असे परंपरा सांगते. ज्यांचे वतन हिरावून घेतले गेले अशा तीन बहिणींचा शाप त्या गावास भोवला, अशीही एक दंतकथा आहे. शापाचे आम्ही काही म्हणत नाही. परंतु ज्या वेदीपुढे लोकांनी गुडघे टेकले तिच्यावरून वारा वाळू वाहून नेत आहे, हे पाहून मन गंभीर झाल्यावाचून राहत नाही.

या वाळूची रीतच मुळी चालण्याची. ओहोटीच्या वेळी ओली वाळू उन्हावाऱ्याने सुकते, वारा तिला आत लोटतो, आणि एखादे काटूक किंवा गवताचा ठोंब आडवा आला की तेथे ती थबकते. मग तिच्यावर मॅरम नावाचे टणक, टोकदार गवत उगवते. या गवताचा गुण असा की, त्यास जितके पुरावे तितके ते वर चढते. त्याच्या मुळ्यांचे जाळे वाळूस धरून ठेवते आणि टेकडी वाढत जाते. कोठे वाऱ्याने गवत उचकटले की टेकडीस खिंडार पडते, वाळू पुन्हा उघडी होऊन पुढे सरकते, आणि मागे सखल ओलसर जागा राहते. पावसाळी पाणी तेथे वर येते; त्यात बेडूक राहतात, आमरीच्या जातीची रानफुले उमलतात. उभे राहणे, मोडणे आणि दुसरीकडे पुन्हा उभे राहणे हेच या टेकड्यांचे जीवन होय. समुद्र खवळला की त्या आपली वाळू त्यास देतात आणि तो शांत झाला की परत घेतात. मागच्या शेताघरांना त्यांचाच आडोसा असतो.

आयथनच्या दक्षिणेस, बॅल्मेडी गावाच्या पलीकडे, मेनी नावाची जहागीर आहे. तिच्यासमोरच्या टेकड्या फोव्हेरन लिंक्स या नावाने शास्त्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून कायद्याने नोंदल्या गेल्या होत्या. २००६ साली अमेरिकेतील धनिक बांधकाम-व्यावसायिक डोनाल्ड ट्रम्प यांनी ही जहागीर विकत घेतली. त्यांच्या मातोश्री स्कॉटलंडच्याच लुईस बेटावर जन्मलेल्या. गोल्फची दोन मैदाने, साडेचारशे खोल्यांचे हॉटेल, सुट्टीत राहावयाची साडेनऊशे घरे आणि आणखी पाचशे घरे अशी ती योजना होती; एक अब्ज पौंडांची गुंतवणूक आणि सहस्रावधी रोजगार होतील, असे सांगण्यात आले.

गोल्फ हा खेळ त्या भूमीस नवा नव्हे. किनाऱ्याच्या अशाच वाळवट माळांस तेथे लिंक्स म्हणतात. हा खेळ तेथे इतका रुजला होता की, त्यापायी लोक धनुर्विद्येचा सराव टाळतात म्हणून १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने त्यावर बंदी घातली होती. जुन्या माळांवर मेंढ्या चरत, आणि जमिनीचा जो चढउतार असे त्यातूनच खेळ वाट काढी. येथे मात्र खेळाच्या सोयीसाठी चालत्या वाळूस जागच्या जागी खिळावयाचे होते. वाद गोल्फचा नव्हता, जागेचा होता. नोंदलेल्या स्थळाच्या दक्षिणेकडील सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर मैदानाचा काही भाग येणार होता. तेवढा भाग दुसरीकडे हलवावा असे सुचविण्यात आले, परंतु ते मालकांस मान्य झाले नाही.

२९ नोव्हेंबर २००७ रोजी ॲबर्डीनशायर कौन्सिलच्या संबंधित समितीपुढे हे प्रकरण आले. मते सात विरुद्ध सात अशी समसमान पडली. तेव्हा अध्यक्ष मार्टिन फोर्ड यांनी आपले निर्णायक मत योजनेविरुद्ध दिले. थोड्याच दिवसांत त्यांना अध्यक्षपद गमवावे लागले. त्याआधीच स्कॉटिश सरकारने ते प्रकरण आपल्या हाती घेतले होते. २००८ च्या उन्हाळ्यात जाहीर चौकशी झाली, स्वतः ट्रम्प साक्षीस आले, आणि नोव्हेंबरमध्ये परवानगी मिळाली. आर्थिक लाभ निसर्गाच्या हानीहून मोठा, असा निवाडा झाला.

येथे एक गोष्ट सांगणे न्यायाचे होईल. त्या भागातील पुष्कळ माणसे योजनेच्या बाजूची होती. ॲबर्डीनची भरभराट समुद्रातील तेलावर उभी आहे आणि तेल कधीतरी सरणार, ही चिंता त्यांस होती. मुलाबाळांस गाव सोडावे लागू नये असे ज्यास वाटते, त्यास आम्ही लोभी म्हणणार नाही. परंतु जहागिरीच्या कडेला ज्यांची घरे होती त्या मूठभर कुटुंबांचे काय? एका कुटुंबाने, शेती आणि मासेमारी करणाऱ्या, आपली जमीन विकण्यास साफ नकार दिला. घरे सक्तीने ताब्यात घेण्याची मागणी २००९ मध्ये कंपनीने कौन्सिलकडे केली. लोकांचा विरोध वाढला, एक एकर जमीन आंदोलकांनी घेऊन तिच्या मालकीशी हजारो समर्थकांची नावे जोडली, आणि २०११ च्या जानेवारीत कंपनीने तो मार्ग आपण अवलंबणार नाही असे जाहीर केले. आमच्या मनात नाबोथाचा द्राक्षमळा आला. राजाने अधिक चांगला मळा देऊ केला, पैसा देऊ केला. तरी वाडवडिलांचे वतन तो देईना. त्या कथेचा शेवट येथे घडला नाही, ही समाधानाची गोष्ट होय.

पहिले मैदान २०१२ च्या जुलैत खुले झाले. दुसऱ्याची फीत २०२५ च्या जुलैअखेरीस, म्हणजे आम्ही तेथे पोहोचण्यापूर्वी थोडेच दिवस, कापली गेली. साडेचारशे खोल्यांच्या हॉटेलाचा मात्र पत्ता नव्हता; जुन्या वाड्यातच लहानसे हॉटेल थाटले आहे. मधल्या काळात समोरच्या समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहणार म्हटल्यावर देखावा बिघडेल म्हणून मालक न्यायालयात गेले. २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले, आणि २०१८ पासून अकरा चक्क्या वीज देत आहेत. आणि वाळू? २०२० च्या डिसेंबरात शासनाच्या निसर्गरक्षक संस्थेने निर्णय दिला की, मैदानाखाली गेलेल्या भागात आता संरक्षण देण्याजोगे वैशिष्ट्य उरलेले नाही.

त्या देशात २००३ च्या कायद्याने वाटसरूस मोकळ्या जमिनीवरून जाण्याचा हक्क आहे. म्हणून आम्ही त्या मैदानाच्या कडेकडेने चालत गेलो. खोटे का बोला? हिरवळ सुंदर होती, जणू गालिचा. खेळणारे सभ्य होते. एकाने हात उंचावून आम्हांस अभिवादनही केले. पण फॉर्व्हीस जी वाळू पावलाखाली सळसळत होती ती येथे निजली होती. संध्याकाळच्या वाऱ्यात एक कणही हलत नव्हता. बाकावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थास आम्ही विचारले, "पूर्वी येथे काय होते?" तो किंचित हसून म्हणाला, "काही नाही. नुसती वाळू होती, फादर." आणि काही वेळाने, "दर वर्षी निराळी."

त्या 'नुसती वाळू' या शब्दांनी आमच्या काळजास हात घातला. काही वर्षांपूर्वी आम्ही गोव्यातील एका किनाऱ्यावरच्या गावात सेवेस होतो. तेथील एक विधवा बाई एके दिवशी आमच्याकडे आली. घरापुढच्या वाळूच्या टेकडीस गिऱ्हाईक आले होते. "फादर, विकू का? सासरे म्हणायचे, तिला हात लावू नका." आम्ही ईश्वरज्ञानाची मोठमोठी पुस्तके वाचलेली, आम्ही म्हणालो, "बाई, नुसती वाळू ती, तिथे नाचणीसुद्धा पिकत नाही. विका आणि मुलाची फी भरा." टेकडीवरची मर्यादवेल उपटली गेली, टेकडी सपाट झाली, तेथे मोटारी उभ्या राहू लागल्या. पुढच्याच पावसाळ्यात भरतीचे पाणी तिच्या अंगणात आले आणि दोन माड आडवे झाले. बाईने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. फीही भरली गेली होती. तेच आम्हांस अधिक बोचते.

मर्यादवेल! आमच्या पूर्वजांनी त्या वेलीस काय नाव दिले आहे! समुद्राची मर्यादा जी राखते ती. जे त्या निरक्षर सासऱ्यास ठाऊक होते ते आम्हांस हजारो मैलांवर, परक्याच्या वाळूवर उभे राहून कळले. आमच्या पेडणे तालुक्यातील तेरेखोलच्या गावकऱ्यांनी २०१० नंतरच्या दशकात गोल्फच्या प्रकल्पास विरोध केला तेव्हा कित्येक शिकलेल्या माणसांनी त्यांस प्रगतीचे वैरी म्हटले होते. तेथे वाळू नव्हे, तांबड्या जांभ्या दगडाचा सडा आहे. पण प्रश्न तोच होता. ज्या जमिनीवर काही उभे नाही, ती काहीच करीत नाही असे समजावयाचे काय?

परत आल्यावर आम्ही प्रथम त्या बाईकडे गेलो. घराच्या पुढे उरलेल्या हातभर वाळूत तिने कुठूनशा आणून मर्यादवेलीच्या चार कांड्या खोचल्या होत्या. आम्ही क्षमा मागितली. "बसा फादर," ती म्हणाली, "चहा टाकते. पाऊस पडला की धरेल ती."