चोर्ल्याच्या वाटेवरचं चाक

बेळगावहून गोव्यात उतरायला नेहमीच्या तीन वाटा: अनमोड, चोर्ला आणि आंबोली. आपल्यातल्या कितीतरी घरांची सोयरीक तिकडे, त्यामुळे यातली एखादी वाट प्रत्येकाला तोंडपाठ असते. माझी चोर्ल्याची. बायकोची नोकरी पणजीत, माझं काम बेळगावात लॅपटॉपवर आणि दोन वर्षांची लेक कधी इकडे, कधी तिकडे. महिन्याला तीनेक फेऱ्या होतातच. गाडी पोलो जीटी टीएसआय. टायर झिजले तेव्हा रिमही बदलायचं ठरवलं. दुकानात 17 इंची काळे रिम मांडले होते आणि गाडीला ते शोभलेही असते. पण गाडी रोज दुकानासमोर थोडीच उभी राहणार होती! म्हणून चोर्ल्याची वाट डोळ्यासमोर ठेवून हिशोब केला.

पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून आपण जांबोटीकडे वळतो. किणयेपर्यंत कुठलंही चाक चालेल. खरी परीक्षा जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या पट्ट्यात. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचं उगमस्थान, माउलीचं देऊळ, दाट झाडी आणि धो धो पाऊस. त्या पावसात डांबर टिकत नाही. खड्डा पाण्याने भरला की किती खोल आहे, ते चाक आत गेल्यावरच समजतं.

अशा वेळी रिमला वाचवते ती टायरची भिंत. माझ्या गाडीचा मूळ टायर 195/55 आर16. म्हणजे रुंदी 195 मिमी, भिंतीची उंची त्याच्या 55 टक्के, सुमारे 107 मिमी, आणि रिम 16 इंची. पूर्ण चाकाचा व्यास साधारण 621 मिमी. 17 इंची रिमवर 205/45 टायर घातला तर व्यास 616 मिमी येतो. स्पीडोमीटरला हा फरक जेमतेम जाणवेल. पण भिंत उरते 92 मिमी. रिम आणि खड्ड्याच्या कडेमधलं 15 मिमी रबर कमी झालं. या पट्ट्यात मोबाईलला रेंज धड नसते. रात्री मागच्या सीटवर लेक झोपलेली असताना रिम वाकून हवा गेली तर काय, हा प्रश्न मला त्या काळ्या रिमपेक्षा मोठा वाटला.

म्हणून रिम 16 इंचीच ठेवले आणि टायर घेतला 205/55 आर16. भिंत जवळपास 113 मिमी, व्यास 632. मूळ चाकापेक्षा पावणेदोन टक्के मोठा. मीटर 100 दाखवतं तेव्हा चाक पूर्वीपेक्षा सुमारे पावणेदोन किलोमीटर जास्त वेगाने धावत असतं, हे लक्षात ठेवायचं. टायरवरचा भार-निर्देशांकही बघितला. मूळचा 87, म्हणजे एका टायरवर 545 किलो. त्याहून कमी आकड्याचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घ्यायचा नाही.

चोर्ला गाव मागे पडलं की घाट सुरू होतो आणि वळणांवर स्टिअरिंग बरंच फिरवावं लागतं. इथे ऑफसेट कळतो. हबला टेकणारा रिमचा पृष्ठभाग रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे, तो हा आकडा. 45 च्या जागी 35 घेतला की चाक 10 मिमी बाहेर सरकतं. शिवाय रिम अर्धा इंच रुंद घेतला तर दोन्ही बाजूंना सव्वासहा मिमीची भर. दिसायला झकास, पण चाक जास्त बाहेर गेलं तर बेअरिंगवर ताण येतो आणि भरल्या गाडीत टायर मडगार्डला घासू शकतो. म्हणून मी ऑफसेट मूळच्या जवळ ठेवला. चार माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर कुठे घासत नाही ना, ते पाहिलं आणि मगच पैसे दिले.

शेवटचं काम आपल्या उद्यमबागेतलं. पोलोला बोल्ट पाच, 100 मिमीच्या वर्तुळावर, आणि हबचा व्यास 57.1 मिमी. बाजारातल्या रिमचं मधलं भोक मात्र 73.1. मधली फट भरली नाही तर रिम हबवर नेमका मध्यावर बसत नाही आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरू शकतं. लेथवाले काका म्हणाले, "आकडे सांगू नकोस, गाडी घेऊन ये. माप मीच घेतो की." त्यांनी ॲल्युमिनियमच्या चार रिंगा कातून दिल्या, जाडी बरोबर 8 मिमी. बोल्टही नवे लागले. कंपनीच्या बोल्टची बैठक गोल असते, बाजारातल्या रिमची शंकूसारखी. जुने बोल्ट तिथे नीट टेकतच नाहीत. टॉर्क रेंचने 120 न्यूटन-मीटरला आवळले आणि पहिल्या फेरीत पणजीला पोचल्यावर पुन्हा तपासले.

तुमची ये-जा पुण्याच्या महामार्गाने असेल तर 17 इंची रिम खुशाल घ्या, वळणावर गाडी छान पकड घेईल. पण वाट कणकुंबीची असेल, तर खरेदीआधी एकदा भर पावसात ती फेरी करा आणि खड्डे बघून या. मग दुकानात शिरा.