ओल्या रंगाचा वास

आषाढवारींत श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी आमच्या नातेपुत्यास मुक्कामास येते. तिच्या आधीं घरोघरीं रंगसफेदीची धांदल उडते. गेल्या वर्षीं आमच्या माजघराचीं दारें व कपाटें तैलरंगानें रंगविण्याचें ठरलें. रंगारीकाका कामास लागले. रस्त्याची धूळ ओल्या रंगावर बसूं नये म्हणून मीं मोठ्या शहाणपणानें खिडकी लावून घेतली. तासाभरानें काका भिंतीचा आधार घेत बाहेर आले व ओसरीवर मटकन् बसले. त्यांचें डोकें गरगरत होतें. मोकळ्या हवेंत त्यांस बरें वाटलें. माझें मन मात्र स्वस्थ होईना.

पुढें शाळेंत विज्ञानाच्या गुरुजींस विचारलें, तेव्हां उलगडा झाला. तैलरंगांत मुख्य वस्तु तीन : रंग देणारी पूड, ती धरून ठेवणारें तेल अथवा राळ, आणि दोहोंस पातळ करणारें टर्पेंटाईनसारखें द्रावक. पहिल्या दोन दारावर राहतात. द्रावक काम संपतांच हवेंत उडून जातें. ज्या वासास आपण नवेपणाची खूण समजतों, तो बहुतांशीं याचाच होय. बंद खोलींत तें रंगाऱ्याच्या छातींत शिरतें. मोकळ्यावर गेलें तरी मोटारींच्या धुराशीं मिळून उन्हांत ओझोन हा अपायकारक वायु उत्पन्न करण्यास साह्य करतें. म्हणूनच अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें १९६६ सालीं द्रावकांवर निर्बंध घालण्यांत आले, आणि २००४ सालीं युरोपीय संघानें रंगांतील त्यांच्या प्रमाणास कायद्यानें मर्यादा घातली.

मग उपाय काय? पाण्याच्या रंगांत राळेचे सूक्ष्म कण दुधांतील स्निग्धांशाप्रमाणें पाण्यांत तरंगत असतात. पाणी आटलें कीं ते एकमेकांस बिलगून अखंड पापुद्रा होतो. त्यांतही थोडें द्रावक असूं शकतें, परंतु पुष्कळच कमी. लोखंडी वस्तूंवर तर कोरडी भुकटी विजेच्या भारानें बसवून भट्टींत वितळवितात. तेथें द्रावक लागतच नाहीं. आणि आजीचा चुना? तो हवेंत विषारी कांहीं सोडीत नाहीं. उलट हवेंतील कार्बनिक वायु घेऊन दगडासारखा घट्ट होतो!

यंदा आम्हीं भिंतींस चुना व उरलेल्या दारांस पाण्याचा रंग लाविला. “अहो, वासाशिवाय रंग कसला?” असें काका वडिलांस म्हणाले खरे, पण सायंकाळीं काम आटोपून ते हंसतमुखानें चहास बसले. खिडकी मीं सकाळींच सताड उघडून ठेविली होती. आपल्या घराच्या शोभेचें मोल दुसऱ्याच्या श्वासानें कां चुकवावें, एवढेंच मी त्या खिडकीपाशीं शिकलों.