बाटल्या कोण भरणार?

'बेंच' हा शब्द एखाद्या आयटीवाल्यासमोर उच्चारून बघा. पोटात गोळाच येतो! जुनं प्रोजेक्ट संपलेलं, नवं मिळालेलं नाही, पगार चालू; पण रोज सकाळी राईहून बस, भाईंदरहून खच्चून भरलेली लोकल, आणि ऑफिसात जाऊन काय, तर कॉफी. गेल्या वर्षी मी असे तीन महिने काढले. संध्याकाळी आई विचारायची, 'आज काय काम केलंस?' मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

गंमत म्हणजे, दर रविवारी मीच दुसऱ्याला बेंचवर बसवत होतो. आमच्या टेनिस-बॉल टीमचा मी कॅप्टन. अकरा जण ठरलेले. बारावा आमच्या आळीतला एक पोरगा. बाउंड्रीवर वाऱ्यासारखा पळायचा, पण बॅटिंग यथातथाच. म्हणून त्याच्या वाट्याला पाण्याच्या बाटल्या आणि किटबॅग. सीझनभर एक मॅच दिली नाही मी त्याला.

मग आली सेमीफायनल. लाँग-ऑनचा आमचा भिडू पाय मुरगळून खाली बसला. मी बाहेर बघितलं. बाटल्या होत्या, पोरगा नव्हता. दोन रविवार तो येतच नव्हता म्हणे. मला पत्ताच नाही! दहा जणांत फील्डिंग केली, मोकळ्या लाँग-ऑनमधून तीन चौके गेले आणि दोन रनांनी हरलो.

क्रिकेटमध्ये साध्या बदली खेळाडूला बॅटिंग-बोलिंग करता येत नाही. फील्डिंग हीच त्याची कमाई. पण तेवढ्यानंही मॅच फिरते. २००५च्या अ‍ॅशेसमध्ये ट्रेंट ब्रिजला इंग्लंडच्या गॅरी प्रॅट नावाच्या बदली फील्डरनं थेट फेकीवर पाँटिंगला रनआउट केलं होतं.

आणि आपल्या वेस्टर्न लाइनचाच शार्दूल ठाकूर घ्या. पालघरचा पोरगा. २०१८मध्ये पहिल्या टेस्टमध्ये दहा बॉल टाकून जखमी झाला. दुसरी टेस्ट मिळाली थेट जानेवारी २०२१मध्ये, ब्रिस्बेनला, तीही निम्मी टीम जायबंदी होती म्हणून. सात विकेट, ६७ रन, वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ची पार्टनरशिप. १९८८पासून ऑस्ट्रेलिया जिथे हरली नव्हती, तिथे आपण जिंकलो. त्या सिरीजमध्ये आपले वीस जण खेळले. ही राखीव फळी आभाळातून पडली नव्हती. रणजी, 'इंडिया ए' असं खेळून खेळून ती तयार होती. नुसतं बसवून ठेवलेला माणूस राखीव नसतो, बॉस, तो फक्त बसलेला असतो.

दुसऱ्याच दिवशी मॅनेजरला म्हटलं, कुठल्याही टीमचं टेस्टिंग द्या, पण काहीतरी द्या. आणि रात्री त्या पोराच्या घरी गेलो. तो एवढंच म्हणाला, 'दादा, पाणी काय, कोण पण देतं.'

आता नियम केलाय. दर लीग मॅचला ठरलेल्या अकरातला एक जण बाहेर बसणार. कॅप्टनसुद्धा. गेल्या रविवारी माझा नंबर होता. लाँग-ऑनला त्यानं पळत जाऊन एक अवघड झेल घेतला आणि तिथूनच ओरडला, 'दादा, पाणी!'

मी धावत गेलो.