‘पुट अप विथ’ : सोसण्याचे व्याकरण

इंग्रजी शिकविताना लांबलचक शब्दांचे आम्हांस कधी भय वाटत नाही. ‘फोटोसिंथेसिस’ किंवा ‘कॉन्स्टिट्यूशन’ यांसारखा शब्द मुले एकदा घोकतात आणि तो जन्मभर त्यांच्यापाशी राहतो. कारण त्याचा अर्थ जागचा हलत नाही. खरी परीक्षा घेतात ते चिमुकले शब्द. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘अप’ म्हणजे वर आणि ‘विथ’ म्हणजे सह, हे पाचवीतील मुलासही ठाऊक असते. हे तिघे एकत्र आले, की मात्र ठेवणे राहत नाही, वर राहत नाही आणि सहही राहत नाही. उरते ते सोसणे. शब्दकोशात तीन शब्द तीन वेळा शोधूनही जो अर्थ हाती लागत नाही, तो या तिघांच्या संगतीतून जन्माला येतो.

ही अडचण केवळ आमच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांची नाही. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश सिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी नमूद केले, की क्रियापदास लहानसा शब्द जोडून अर्थ पालटण्याची इंग्रजीची ही रीत परकीयांस सर्वाधिक कठीण जाते. अशा क्रियापदांस ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र बरेच उशिरा, लोगन पीअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या ग्रंथामुळे रूढ झाले. मुलांना आम्ही हे आवर्जून सांगतो. आपणांस जे जड जाते ते जगालाही जड गेले आहे, हे कळले म्हणजे मनावरील निम्मे ओझे उतरते.

निवासी शाळेचा सारा दिवस ‘पुट’ या एका क्रियापदावर चालविता येईल. पहाटे ‘पुट ऑन युवर शूज’, अभ्यासिका सुटताना ‘पुट अवे युवर बुक्स’, आळस करणाऱ्यास ‘डोन्ट पुट ऑफ युवर होमवर्क’ आणि रात्री दहाला ‘पुट आउट द लाइट्स’. घालणे, आवरून ठेवणे, पुढे ढकलणे, मालविणे : क्रियापद एकच, शेपटी बदलली की काम बदलले. ‘पुट अप’चे संसार तर आणखी निराळे. फलकावर सूचना लावणे म्हणजे ‘पुट अप अ नोटीस’, मेळाव्यासाठी तंबू उभारणे म्हणजे ‘पुट अप अ टेंट’, आणि पाहुण्यास रात्रीपुरता आसरा देणे म्हणजे ‘पुट समवन अप’. आपल्याकडील इंग्रजीत तर ‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ म्हणजे ‘तुम्ही कोठे उतरला आहात?’ असा प्रश्न सर्रास ऐकू येतो.

‘पुट अप’च्या मागे ‘विथ’ आला, की घरातली मोकळीक संपते. ‘पुट द नोटीस अप’ असे शब्द फाकवून मध्ये कर्म घालता येते. ‘पुट अप विथ’मध्ये ती मुभा नाही. तिघे हात धरून उभे राहतात आणि जे सोसावयाचे ते त्यांच्या मागून येते : ‘वुई पुट अप विथ द नॉइज’, ‘शी पुट्स अप विथ हिम’. भूतकाळातही ‘पुट’ तसाच राहतो. विन्स्टन चर्चिल यांच्या नावावर एक आख्यायिका सांगितली जाते. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी शब्द येऊ नये, असा कोणा पंडिताने आग्रह धरला; तेव्हा त्यांनी ‘अप विथ’ हे दोन शब्द ओढून वाक्यात पुढे आणले आणि त्या नियमाचे हसे केले. ही गोष्ट खरोखर त्यांचीच का, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. तथापि शिक्षकाच्या दृष्टीने ती मोलाची आहे, कारण ती ऐकल्यावर हे तीन शब्द तोडावयास कोणी धजत नाही.

मराठीत याला प्रतिशब्द कोणता, असा प्रश्न वर्गात टाकला की पाच-सहा हात वर येतात, आणि येथून खरा अभ्यास सुरू होतो. ‘सोसणे’ हा शब्द खोल आहे. त्यात दुःख आहे आणि दुःख पेलण्याचे बळही आहे. आईने सोसले असे आपण म्हणतो, तेव्हा मान लवते. ‘चालवून घेणे’ हा सौजन्याचा शब्द : ‘जागा अपुरी आहे, आज चालवून घ्या’. ‘निभावून नेणे’ यात युक्ती आहे. ‘खपवून घेणे’ मात्र बहुधा नकाराच्या सोबतीनेच येते : ‘हे खपवून घेतले जाणार नाही!’ इंग्रजी ‘पुट अप विथ’ या साऱ्यांच्या मधोमध कोठेतरी वावरते. पावसात गळणारे छप्पर, उशिरा येणारी एसटी, शेजाऱ्याचा रेडिओ, अशा नित्याच्या त्रासांशी त्याचा घरोबा अधिक. त्याला ‘वोन्ट’ किंवा ‘कान्ट’ जोडला, की तेच क्रियापद ताठ उभे राहते. ‘आय वोन्ट पुट अप विथ धिस’ हे ‘खपवून घेणार नाही’चे सख्खे भावंड होय.

अर्थ समजला, की प्रत्येकाने स्वतःच्या जीवनातील पाच वाक्ये लिहावयाची, असा आमचा शिरस्ता आहे. पुस्तकातील वाक्ये उतरवावयाची नाहीत. त्या वह्या वाचणे हा आमच्या अध्यापनातील सर्वांत गंभीर भाग ठरला आहे. पहिली दोन वाक्ये बहुधा डास, उकाडा आणि भल्या पहाटेची घंटा यांवर खर्ची पडतात. तिसऱ्या वाक्यापासून लेखणी घराकडे वळते. ऊसतोडीवर गेलेल्या आईबापांचा विरह कोणी लिहितो. कोणी वडिलांच्या दारूविषयी लिहितो. मामाच्या घरी ऐकावी लागणारी टोचणी कोणी मांडते. मराठीत विचारले असता ही मुले ‘सर, सगळे बरे आहे’ याखेरीज काही सांगत नाहीत. परक्या भाषेत सांगताना जणू आपण स्वतःविषयी बोलत नसून केवळ व्याकरणाचा पाठ गिरवीत आहोत, असा आडपडदा त्यांना लाभतो. इंग्रजीने आमच्या मुलांना नोकऱ्या दिल्या हे खरेच; पण तिने दिलेला हा आडपडदाही आम्ही लहान मानत नाही.

एका वर्षी आठवीतील एका मुलीने लिहिले, की मोठ्या मुली रोज सकाळी तिच्याकडून आपल्या बादल्या भरून घेतात. आणि पुढे : ‘आय पुट अप विथ इट.’ व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होते. हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे उशिराच्या खुणा होत्या; त्यांचे कारण या चार ओळींत होते. बाई गृहपालांशी बोलल्या. कोणासही चारचौघांत उभे न करता नळाजवळ पाळीचा तक्ता लागला, आणि ज्याने त्याने आपली बादली आपण भरावी असे ठरले. तो तक्ता लावण्याचे काम त्याच मुलीकडे आले. ‘पुट अप’ आणि ‘पुट अप विथ’ यांतील भेद त्या वर्गास पुन्हा शिकवावा लागला नाही.

येथे एक प्रश्न आम्हांस सतत पडत आला आहे. एकत्र राहणाऱ्यांना सोसावे शिकवावे की न सोसावे? पन्नास मुले एका दालनात निजतात, तेथे एकाची घोरणे आणि दुसऱ्याची बडबड दोघांनीही चालवून घ्यावी लागते. बौद्ध परंपरेत दहा पारमितांमध्ये क्षांती, म्हणजेच पालीतील खंती, गणली जाते. द्वेषाला द्वेषाने उत्तर न देण्याचे ते सामर्थ्य आहे. पण अन्यायापुढे मान तुकविणे म्हणजे क्षांती नव्हे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब सहस्रावधी लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले. तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. तो अमलात येत नव्हता इतकेच. पिढ्यानपिढ्या जे सोसले ते यापुढे सोसावयाचे नाही, हे त्या दिवशी ओंजळभर पाण्याने सांगितले. त्या कृतीत निर्धार होता आणि संयमही होता. दोन्ही एकत्र नांदू शकतात, याचा याहून मोठा धडा आम्हांस ठाऊक नाही.

म्हणून आता आम्ही वह्यांत दोन रकाने आखावयास सांगतो. एकात ‘आय कॅन पुट अप विथ’ने सुरू होणारी वाक्ये, दुसऱ्यात ‘आय वोन्ट पुट अप विथ’ने सुरू होणारी. कोणते वाक्य कोठे बसते याचा निर्णय मुलांचा. उकाडा, आमटीतले पाणी, मित्राचा रुसवा पहिल्या रकान्यात जातात. जातीवरून मारलेला टोमणा, हिसकावून घेतलेली पाळी, बहिणीचे बंद पडलेले शिक्षण दुसऱ्यात. वर्षाच्या आरंभी कित्येकांचा दुसरा रकाना कोराच असतो. तो भरू लागतो, तेव्हा शिकविणे सार्थकी लागले असे आम्ही समजतो.

मुलांनी या क्रियापदाचे मराठीकरणही करून टाकले आहे. भोजनगृहात ‘आजची भाजी अगदी पुट अप विथ आहे’ असे उद्गार ऐकू येतात आणि वाढणारे काकाही हसतात. व्याकरणास ते मान्य होणार नाही. पण परका शब्द ताटापर्यंत पोहोचला म्हणजे तो परका राहिला नाही, एवढे खचित. ही स्मरणिका हाती घेणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांकडे आमचे एवढेच मागणे आहे : आपापल्या कचेरीत, कारखान्यात, संसारात ते दोन रकाने अधूनमधून काढून पाहावेत, आणि पहिल्यातले एखादे वाक्य दुसऱ्यात हलवावयाचे असेल तर हलवावे.