रॉबी कीनचा रिझ्युमे

रॉबी कीन हे नाव मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते २०१७ मध्ये. इंजिनिअरिंगचं थर्ड इयर चालू होतं. आयएसएलचा सीझन तोंडावर आला होता आणि कोलकात्याच्या एटीकेने ३७ वर्षांचा एक आयरिश स्ट्रायकर घेतल्याची बातमी होती. आमच्या होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये फुटबॉलमधलं कळणारा एकच प्राणी होता. त्याने तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला, "आले अजून एक आजोबा, पेन्शन खायला!"

आम्ही सगळे हसलो. पण रात्री सबमिशन्स सोडून बाकी सगळं वाचायची जी एक अनावर इच्छा होते ना, त्यात मी या आजोबांची कुंडली उघडली. क्लब्जची यादी खाली खाली जातच राहिली. वुल्व्ज, कॉव्हेंट्री, इंटर मिलान, लीड्स, टॉटनम, लिव्हरपूल, परत टॉटनम, सेल्टिक, वेस्ट हॅम, एलए गॅलक्सी, अॅस्टन व्हिला, आणि आता एटीके. एकूण अकरा क्लब, पाच देश. मनात आलं, हा माणूस कुठे टिकत का नाही?

आज मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, तिसऱ्या कंपनीत आहे, आणि चौथीची ऑफर इनबॉक्समध्ये पडून आहे. त्यामुळे हा प्रश्न हल्ली मला विचारला जातो. विचारणारे मुख्यतः आमचे बाबा. त्यांनी चौतीस वर्षं एस.टी.च्या एकाच वर्कशॉपमध्ये काढली. त्यांच्या हिशेबात नोकरी सोडलेला माणूस म्हणजे एकतर भांडलेला, नाहीतर काढलेला. तिसरा प्रकार नाही. शिवाय सध्या घरात स्थळं बघणं चालू आहे, आणि मुलीकडची मंडळी पॅकेज ऐकून खूष होतात न होतात तोच "आणि कंपनी? अच्छा... मागच्या वर्षी दुसरी होती ना?" असं म्हणतात. तर अशा वेळी मला कीनसाहेबांची फार आठवण येते.

त्याचा रिझ्युमे नीट वाचला तर मजा आहे. जन्म १९८० चा, डब्लिनच्या टाला या उपनगरातला. पंधराव्या वर्षी तो इंग्लंडला वुल्व्जकडे गेला. वुल्व्ज तेव्हा दुसऱ्या पातळीवरच्या लीगमध्ये होते. ऑगस्ट १९९७ मध्ये, वय वर्षं सतरा, नॉर्विचविरुद्ध पहिला सामना आणि दोन गोल. म्हणजे फ्रेशर जॉइन झाला आणि पहिल्याच आठवड्यात प्रॉडक्शनला कोड गेला, तोही एक बग न येता.

दोन वर्षांनी कॉव्हेंट्रीने त्याला ६० लाख पौंडांना घेतला. ब्रिटनमध्ये वीसच्या आतल्या खेळाडूला तोवर एवढे पैसे कुणी मोजले नव्हते. तिथे एक सीझन, आणि २००० च्या उन्हाळ्यात थेट इंटर मिलान, १ कोटी ३० लाख पौंड. विसाव्या वर्षी ऑनसाइट! घेणारा कोच मार्चेलो लिपी. आणि इथे गंमत झाली. लीगचा पहिलाच सामना इंटर हरलं आणि लिपीची गच्छंती झाली. त्याच्या जागी मार्को तार्देल्ली आला, त्याच्या प्लॅनमध्ये हा पोरगा नव्हता. डिसेंबरमध्ये कीन लोनवर लीड्सला.

मंडळी, ज्याने इंटरव्ह्यू घेतला, ज्याने 'तुला मी अमुक मॉड्यूल देणार' म्हणून स्वप्नं दाखवली, तोच मॅनेजर आपण जॉइन झाल्यावर दीड महिन्यात पेपर टाकतो... हे ज्याच्यासोबत झालंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. माझ्यासोबत दुसऱ्या कंपनीत झालंय. नवा मॅनेजर चांगला होता हो, पण त्याची टीम आधीच ठरलेली होती. मी पाच महिने बेंचवर बसून सर्टिफिकेशन्स केली. दोष कुणाचाच नव्हता, आणि रिझ्युमेवर मात्र तो डाग माझ्या नावावर राहिला.

लीड्सला तर त्याहून वरताण. तिथे कीनने अठरा लीग सामन्यांत नऊ गोल मारले, लीड्सने १ कोटी २० लाख पौंड देऊन त्याला कायमचा घेतला. पण लीड्स युनायटेड तेव्हा उद्याच्या पगारावर आज पार्टी करत होतं. दरवर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये खेळायला मिळणार, तिथून पैसा येणार, हे धरून कर्ज काढलेलं. पात्रता हुकली आणि डोलारा कोसळला. २००२ च्या उन्हाळ्यात रिओ फर्डिनंड विकला, मग कीन ७० लाखांना टॉटनमला विकला, पाठोपाठ बाकीचे. २००४ मध्ये लीड्स प्रीमियर लीगमधून बाहेर. म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी कीनचे पाच क्लब झाले होते. त्यातले किती त्याने स्वतः सोडले? इंटरला कोच बदलला, लीड्सला पैसे संपले. बाबांच्या वर्कशॉपचं एक होतं, ते चौतीस वर्षं जागेवर होतं. माणूस टिकतो त्यात माणसाचा गुण असतोच, पण जिथे टिकायचं ती जागाही टिकावी लागते.

टॉटनमला मात्र तो टिकला. सहा वर्षं. २००६ पासून दिमितार बर्बाटोव्ह जोडीला आला आणि मग त्या दोघांचं जे जमलं ते बघायलाच हवं. कीन तसा उंच नाही, धिप्पाड नाही, वाऱ्यासारखा पळणाराही नाही. डिफेंडर आणि मिडफिल्डर यांच्यामधल्या रिकाम्या जागेत हा घुटमळत राहायचा, आणि बॉल कुठे पडणार हे इतरांपेक्षा याला अर्धा सेकंद आधी कळायचं. गोल झाला की एक कोलांटी, त्यावर एक लोळण, आणि मग हवेत बाण सोडल्याची अॅक्शन. २००८ मध्ये टॉटनमने चेल्सीला हरवून लीग कप जिंकला. इंग्लंडमधली त्याची तेवढीच एक मोठी ट्रॉफी.

आणि मग आली ड्रीम कंपनी. लहानपणापासूनचा आवडता क्लब लिव्हरपूल, जुलै २००८, सुमारे २ कोटी पौंड. फर्नांडो टोरेसच्या जोडीला खेळायचं. पुढे काय झालं? अठ्ठावीस सामने, सात गोल, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये परत टॉटनमला! जेमतेम सहा महिने. राफा बेनिटेझच्या रचनेत तो कधी बसलाच नाही. टॉटनमची अवस्था तोवर अशी की बर्बाटोव्हही गेलेला, पहिल्या आठ सामन्यांत दोन गुण, कोच बदललेला. नव्या कोचने, हॅरी रेडनॅपने, याला हसत परत घेतला. जुन्या कंपनीत परत जाणं आपल्याकडे नाक कापल्यासारखं मानतात. हा गेला आणि कॅप्टनही झाला.

यानंतर इंग्लंडमध्ये त्याच्यावर एक विनोद सुरू झाला. कीन ज्या क्लबमध्ये जाईल तो त्याचा 'लहानपणापासूनचा स्वप्नातला क्लब' असतो! सेल्टिकला गेला तरी तेच, अमेरिकेत गेला तरी तेच. या विनोदाला मीही भरपूर हसलोय. पण त्यात एक टोचणीही आहे. म्हणजे बघा, हा माणूस भाड्याचा आहे, जिकडे चेक तिकडे प्रेम, असं त्या हसण्यात दडलेलं असतं. आणि तेच मला पटत नाही.

कारण विकिपीडियाच्या त्या यादीखाली अजून एक ओळ असते. आयर्लंड, १९९८ ते २०१६, १४६ सामने, ६८ गोल.

या ६८ चा अर्थ लागायला वेळ लागतो. आयर्लंडसाठी त्याच्याखालोखाल गोल कुणाचे? नायल क्विनचे, २१. दोघांच्या मध्ये कुणीही नाही. लोकसंख्या आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी असलेला हा देश. तिथली पोरं गेलिक फुटबॉल, हर्लिंग, रग्बी यांत वाटली जातात, त्यातून उरतील त्यांनी इंग्लंडमध्ये जाऊन प्रोफेशनल व्हायचं.

मग शंकासुर येतातच. सॅन मरिनोविरुद्ध हॅटट्रिक, फेरो आयलंड्सविरुद्ध हॅटट्रिक, जिब्राल्टरविरुद्ध पहिल्या वीस मिनिटांत हॅटट्रिक, हे काय गोल म्हणायचे? मी म्हणतो, म्हणायचे. ऑफिसात सगळेच दिवस गो-लाइव्हचे नसतात, कुणीतरी मंगळवारची रटाळ तिकिटंही बंद करावी लागतात. आणि मोठे दिवसही आहेत की! ५ जून २००२, वर्ल्ड कप, जपानमधलं इबाराकी. जर्मनी १-० ने पुढे, नव्वद मिनिटं संपलेली. मागून लांब बॉल आला, क्विनने डोक्याने खाली पाडला, कीन मध्ये घुसला आणि त्याने ऑलिव्हर काहनला चकवलं. १-१. फायनलपर्यंत जर्मनीने त्या स्पर्धेत खाल्लेला तो एकमेव गोल. अकरा दिवसांनी स्पेनविरुद्ध नव्वदाव्या मिनिटाला पेनल्टी, परत १-१. आयर्लंड शूटआउटमध्ये हरलं, पण त्यातली स्वतःची पेनल्टी यानं मारली होती. तेव्हा हा एकवीस वर्षांचा होता, आणि क्लबात त्याला विकायची तयारी चालली होती.

नोव्हेंबर २००९, पॅरिस. वर्ल्ड कप पात्रतेचा प्लेऑफ, पहिला सामना घरी ०-१ ने हरलेला. पॅरिसमध्ये कीनने गोल करून बरोबरी साधली. मग एक्स्ट्रा टाइममध्ये थिएरी हेन्रीने हाताने बॉल अडवला, गॅलासने गोल केला, रेफ्रीला दिसलं नाही. संपलं. तो कॅप्टन होता. त्या वर्षी फेब्रुवारीत लिव्हरपूलने त्याला परत पाठवलं होतं, आणि पुढच्या फेब्रुवारीत तो लोनवर सेल्टिकला असणार होता. पण आयर्लंडची मॅच असली की हा हजर, आणि गोल चालू.

नंतर लॉस एंजेलिसला त्याने खरं सुख पाहिलं. तीन एमएलएस कप, २०११, २०१२ आणि २०१४. तिसऱ्याच्या फायनलमध्ये एक्स्ट्रा टाइममधला विजयी गोल त्याचाच, आणि त्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. तिथून अटलांटिक ओलांडून आयर्लंडसाठी खेळायला यायचा. ३१ ऑगस्ट २०१६ ला डब्लिनमध्ये ओमानविरुद्ध शेवटचा सामना, आणि त्यातही एक गोल. अडुसष्टावा.

कोलकात्यातला अध्याय तसा फसलाच. सुरुवातीला दुखापत, सीझनच्या मध्येच कोच टेडी शेरिंगहॅमची गच्छंती, शेवटी कीनलाच खेळाडू-कम-कोच केलं, आणि आदल्या वर्षीचे चॅम्पियन दहा संघांत नववे आले. पण नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याने बूट टांगले आणि तो गेला कुठे, तर आयर्लंडचा सहायक कोच म्हणून. बॉस मिक मॅकार्थी, ज्याने १९९८ मध्ये सतरा वर्षांच्या कीनला देशाची पहिली जर्सी दिली होती! (२०२० मध्ये मॅकार्थी गेला, नव्या कोचने कीनला काम दिलं नाही, पण कॉन्ट्रॅक्ट चालू. म्हणजे पगारी बेंच. नियतीचा विनोद.)

तर मुद्दा असा. एखादा माणूस कशाशी एकनिष्ठ आहे हे त्याच्या पगाराच्या स्लिपा लावून कळत नसावं. तो कुठे परत परत जातो ते बघावं, विशेषतः जिथे जायला त्याला कुणी भाग पाडत नाही तिथे. आम्ही काही देशासाठी खेळत नाही. पण मी फर्स्ट इयरपासून एकाच ढोल-ताशा पथकात वाजवतो. कंपन्या तीन झाल्या, फ्लॅट पाच झाले, दोन वर्षं कोविडने सगळंच बंद होतं, पण जुलै लागला की संध्याकाळी मी नदीपात्रात तालमीला असतो. बाबांना हे माहितीये. त्यांच्या टिकण्याच्या व्याख्येत ते बसत नाही, इतकंच.

असो. आता ऑफर बंगलोरची आहे. काम आवडीचं आहे, पैसे बरे आहेत, पण जुलै-ऑगस्टच्या तालमींचं काय करायचं हे एचआरला कसं विचारावं ते सुचत नाहीये. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. हो म्हणालोच, तर एक गोष्ट ठरलेली आहे. 'व्हाय डू यू वॉन्ट टू जॉइन अस?' असं कुणी विचारलं की सांगणार, ही माझी लहानपणापासूनची स्वप्नातली कंपनी आहे.