सातवं पत्र

लावदिकीया हे गाव मला सोलापूरच्या सात रस्त्यावर आठवलं, ते पाण्यामुळे. मार्चअखेरची दुपार होती. रंगभवनाकडून आलेल्या रिक्षा चौकात अडकल्या होत्या, डांबरातून झळा वर येत होत्या. स्कूटर बाजूला घेऊन डिकीतली बाटली काढली, मोठा घोट घेतला आणि गिळायच्या आत रस्त्याच्या कडेला टाकून दिला. पाणी चांगलं होतं, सकाळीच घरून भरून आणलेलं. फक्त ते गारही नव्हतं आणि गरमही नव्हतं.

बायबलातल्या प्रकटीकरणाचा तिसरा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आलोय. लावदिकीयातल्या मंडळीच्या कोमटपणाचा प्रभूला इतका वीट येतो की तो तिला तोंडाबाहेर टाकायची भाषा करतो. उपदेशात हा भाग नेहमी धमकीच्या सुरात येतो. त्या दुपारी मला तो वेगळा ऐकू आला. चहानं जीभ पोळली तर माणूस कळवळतो, बर्फाचं पाणी दाताला लागलं तर डोळे मिटून घेतो. कोमट पाण्याला द्यायला आपल्याजवळ काहीच नसतं, ते आपसूक बाहेर जातं. पण आधी घोट घेतलेला असतो, आणि घोट घेतो तो तहानेनं व्याकूळ झालेला माणूस. म्हणजे त्या पत्रातला देव रागावलेला आहे त्याच्याही आधी तहानलेला आहे. आमच्याकडून त्याला काहीतरी प्यायचं होतं.

पात्म बेटावरून योहानानं सात मंडळ्यांना लिहिलेली ही पत्रं. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि शेवटी लावदिकीया. सगळी गावं आजच्या तुर्कस्तानात. इफिसकरांचं पहिलं प्रेम आटलंय म्हणून त्यांना बोल लावलाय, स्मुर्णेला आणि फिलदेल्फियाला बोल नाहीच, उलट धीर दिलाय. प्रत्येकाबद्दल काहीतरी बरं म्हटलंय. सार्दीसमध्येसुद्धा आपली वस्त्रं न मळवलेली थोडी माणसं आहेत. एकट्या सातव्या पत्रात कौतुकाचा शब्द नाही. आणि मला ते सगळ्यांत जवळचं वाटतं, कारण ते कापडवाल्यांच्या गावाला लिहिलंय.

लावदिकीया श्रीमंत होतं. काळ्याभोर, तुकतुकीत लोकरीच्या कापडासाठी त्याचं नाव होतं, पेढ्या होत्या, वैद्यकाची शाळा होती. इसवी सन ६०च्या सुमाराला भूकंपात शहर कोसळलं तेव्हा रोमकडून एक पैसा न घेता लोकांनी ते पुन्हा उभं केलं, असं टॅसिटस लिहितो. नव्हतं ते पाणी. उत्तरेला हिएरापोलिसला कढत पाण्याचे झरे, ते आजही पामुक्कालेच्या पांढऱ्या उतारावरून वाहतात. पूर्वेकडे कलस्सैला थंड पाणी. या दोन्हींच्या मधल्या गावाला मात्र लांबून दगडी नळांनी आणलेल्या पाण्यावर भागवावं लागे. ते नळ उत्खननात सापडलेत, आतून चुन्याच्या थरांनी बुजत आलेले. पत्र ऐकणाऱ्यांना कोमट म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. मला तर ते पटतंच. सोलापूरकरालाही ते समजावून सांगावं लागत नाही. उजनीतून शंभर किलोमीटरहून अधिक लांब जलवाहिनीनं आलेलं, काही दिवसांआड सुटणारं आणि उन्हाळ्यात टाकीत पडून राहिलेलं पाणी आम्ही पितो.

ज्या गावानं जगाला कापड पुरवलं त्याला त्या पत्रात सांगितलंय, तू उघडा आहेस, माझ्याकडून पांढरी वस्त्रं घे. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या गावात राहून हे वाचताना अंगावर काटा येतो.

आणखी एक गोष्ट सातव्याच पत्रात आहे, ती लोक विसरतात. दाराशी उभं राहून ठोठावणारा ख्रिस्त. ते चित्र आमच्या घराघरांत असतं, कॅलेंडरवर, शोकेसमध्ये, लग्नपत्रिकेवर. हातात कंदील घेतलेला ख्रिस्त होल्मन हंट या इंग्रज चित्रकारानं १८५०च्या दशकात रंगवला. त्या दाराला बाहेरून कडी नाही, ते आतूनच उघडायचं आहे. पत्रकं वाटताना आम्ही हे चित्र जगाला दाखवतो, जणू दाराआड आहेत ते अविश्वासू लोक. मूळ पत्र आहे मंडळीला. रविवारी वेळेवर येणाऱ्या, गीत क्रमांक सांगताच पान उघडणाऱ्या, दानाच्या थैलीत नोट घडी करून टाकणाऱ्या माणसांना. तो बाहेर उभा आहे आणि आत उपासना चालू आहे.

माझी आजी सतरा-अठरा वर्षं रविवारच्या उपासनेला येत नव्हती, तेव्हाची गोष्ट. ती सोलापुरातल्या मोदी भागात राहायची, दोन खोल्यांत. आजोबा गिरणीत. तिचा धाकटा मुलगा, माझा काका, विशीच्या आत विषमज्वरानं गेला. तो आजारी असताना मंडळी रोज संध्याकाळी घरी प्रार्थनेला जमत. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग असे. तरी तो गेला. मातीवरून परत आल्यावर आजीनं आपलं 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक एका जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवून दिलं. पुढच्या रविवारी ती गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पाळकसाहेब आले. तिनं पदर सावरून त्यांना खुर्ची दिली, चहा केला, बशीत दोन बिस्किटं ठेवली आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही कधीबी या, घर तुमचंच हाय. पण त्याचा निरोप घेऊन आला असाल तर सांगू नका. त्याला यायचं तर त्यानं स्वतः यावं."

मी तिच्याकडे सुट्टीला राहायचो. तांदूळ निवडताना ती बोलायची, आणि माझ्याशी नाही. सूप पुढ्यात, खडे एका बाजूला, मान खाली. "तुझा तिसऱ्या दिवशी परत आला," ती म्हणायची, "माझा?" मग बराच वेळ फक्त तांदळाचा आवाज. मग पुन्हा काहीतरी, कधी शिवी म्हणावी असंसुद्धा. मी लहान होतो, पण एवढं कळत होतं की खोलीत आणखी कुणीतरी आहे आणि ती त्याला सोडत नाहीये. बाहेर लोक म्हणायचे, म्हातारीचा विश्वास गेला. मला आजतागायत इतकी प्रार्थना करणारं माणूस भेटलेलं नाही.

वर्षातून एकदाच ती चर्चमध्ये यायची, गुड फ्रायडेला, आणि तीही पुरती नाही. बारा ते तीन उपासना, वधस्तंभावरचे सात उद्गार, एकेका उद्गारावर एकेक जण बोलणार. पंख्यांखाली सगळे पांढऱ्या कपड्यांत. तिसरा उद्गार संपून गीत सुरू झालं की आजी दाराशी दिसायची. बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर टेकायची. चौथा उद्गार ऐकायची, ज्यात ख्रिस्त देवाला विचारतो की मला का सोडलंस. तो संपला की पाचव्याच्या आधी उठून उन्हात चालत घरी. एका वर्षी बोलणाऱ्या गृहस्थांनी समजूत घातली की हे शब्द बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आहेत, आणि त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो, म्हणजे प्रभूला शेवट ठाऊक होता. बाहेर पडताना आजीनं त्यांना दारात गाठलं. "साहेब, शेवट गोड आहे हे त्याला त्या घटकेला आठवलं असंल का? आठवलं असंल तर मग त्यो ओरडला कशाला?" गृहस्थ मोठे शिकलेले. त्यांनी हात जोडले.

ती शेवटपर्यंत चौथ्याच उद्गाराला येत राहिली.

आता चर्चच्या पंच कमिटीच्या निवडणुकीवरून आमच्यात वर्ष वर्ष बोलाचाली बंद असते, मिशनच्या जागांवरून माणसं कोर्टात जातात. देवाशी भांडणारं कुणी मला दिसत नाही. तरुण मुलं येत नाहीत म्हणून तक्रार करतो, पण जी येत नाहीत त्यांतली काही आजीसारखी रुसलेली असतील, त्यांची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती माझ्या वयाच्या, कधी न चुकणाऱ्या लोकांची. आमचं कशावाचून अडत नाही.

तापलेपण कसं असतं हे पाहायचं तर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' उघडावं. रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका परक्या माणसानं त्यांच्या पतीला, कवी नारायण वामन टिळकांना, नवा करार दिला, डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले, आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढची काही वर्षं नवराबायको वेगळी राहिली. त्यातला काही काळ त्या आमच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात होत्या. पतीवर जीव आणि त्याच्या देवाचा राग, दोन्ही एकाच अंगात. मग त्या नगरकडे त्यांच्याबरोबर राहायला गेल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं, पाणी वेगळं होतं. कुणी सांगितलं म्हणून त्यांनी ते सोडलं नाही. माणसांत भेद देवानं केला की माणसानं, हे त्यांनी स्वतःशी झगडून ठरवलं, आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. या बाई एक दिवसही कोमट नव्हत्या. विरोधात होत्या तेव्हाही नाही.

टिळकांना पुढे जे खुपलं तेही, मला वाटतं, याच जातीचं होतं. अमेरिकन मराठी मिशन १८१३ला मुंबईत आलं, मग नगर, मग १८६०च्या दशकात सोलापूर. शाळा आल्या, दवाखाने आले, दुष्काळात पोरकी मुलं सांभाळली गेली. आज आम्ही लिहितो-वाचतो ते त्यामुळे, याची जाण मला आहे. पण बोस्टनहून निघालेला विश्वास नळानं येता येता निवत गेला. पगार, ठराव, समित्या. टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले असं म्हणत, त्यांना झरा इथल्या मातीत फुटायला हवा होता. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही लोक त्यात येऊ शकत होते. दोन वर्षांतच, मे १९१९मध्ये, ते गेले. दरबार मोडला. त्यांची भजनं राहिली, आणि तबला-पेटीवर ती सुरू झाली की आमची मंडळी अजूनही बाकावर सरसावून बसते. ऑर्गनवर तसं होत नाही. हे माझं मत आहे, आणि ऑर्गन वाजवणारे माझे मित्र मला त्याबद्दल माफ करत नाहीत.

असंच काहीसं आशेचं झालंय. विश्वास, आशा, प्रीती या तिन्हींत आशेवर सगळ्यांत कमी उपदेश होतात. ती परीक्षेच्या निकालापुरती उरलीय. मी रेल्वेनं पुण्याला जातो तेव्हा केडगाव मागे पडेपर्यंत खिडकीतून नजर काढत नाही. तिथं मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्खं बायबल सोप्या मराठीत आणत होत्या, शेतातल्या बाईला कळावं म्हणून. छापखाना आश्रमातल्या बाया-मुलीच चालवत. १९२१च्या जुलैमध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं तीच. रमाबाईंना ऐकू येईनासं झालं होतं, शरीर थकलं होतं. त्या भाषांतराचं काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या आणि बायबल १९२४ला निघालं. मुलीच्या जाण्यानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांतली एखादी सकाळ मला पाहायला आवडली असती. खिळे जुळवणारी मुलगी ओलं पान आणून समोर ठेवते, आणि बाई चष्मा पुसून चुका शोधायला लागतात. आशा म्हणजे मला ते मुद्रितशोधन वाटतं. त्यात चेहरा उजळवणारं काही नाही, पण पुढचं पान येणार हे धरून चाललेलं असतं.

यंदा पाळकसाहेबांनी गुड फ्रायडेला एक उद्गार माझ्याकडे दिलाय. मी चौथा मागितला होता. तो त्यांनी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीला दिला, आणि ते योग्यच केलं; रात्रपाळीत तिनं जे पाहिलंय ते मी पाहिलेलं नाही. मला पाचवा आलाय, तहानेचा. मी त्याला लावदिकीया जोडणार म्हटल्यावर पाळकसाहेब जरा थबकले. वधस्तंभाजवळ त्याला आंब दिली, कोमट पाणी कुठून आणता, म्हणाले. मी त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायाकडे नेलं. तिथंही भर दुपार आहे, तिथंही तो तहानलेला आहे. विहिरीवर शोमरोनी बाई आलीय, आणि तिच्या भांड्याला हात लावणं त्याच्या लोकांना चालत नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो. पुढे संवाद वाढतो, ती घागर तिथंच टाकून गावात धावते, सगळं गाव बाहेर येतं, शिष्य जेवायचा आग्रह करतात. पण तिनं त्याला पाणी दिलं की नाही, हे योहान कुठंच लिहीत नाही. माझ्या वाट्याच्या वीस मिनिटांत मी मंडळीला तेवढंच विचारणार आहे.